क्युबातलं फुटपाथवरचं वायफाय

2015 नंतर क्युबाचे एकाच धाटणीचे फोटो जगभर छापून येऊ लागले. हवानातला ला राम्पा हा उताराचा रस्ता, रात्रीची वेळ, पायऱ्यांवर आणि कठड्यांवर दाटीवाटीने बसलेली माणसं, प्रत्येकाच्या तोंडावर मोबाइलचा उजेड. क्युबा अखेर जगाशी जोडला गेला, असं त्यांवरून वाटायचं. या फोटोंनी काही समज पक्के करून टाकले आणि त्यातले बरेचसे अर्धवट आहेत.

सगळ्यात मोठा समज म्हणजे हे वायफाय फुकट होतं. आपल्याकडे जानेवारी 2016 मध्ये मुंबई सेंट्रलला रेलटेल आणि गूगलचं वायफाय आलं ते फुकट, त्यामुळे सार्वजनिक म्हटलं की आपण मोफतच धरून चालतो. क्युबात एतेक्सा या सरकारी दूरसंचार कंपनीने 1 जुलै 2015 ला 35 ठिकाणी वायफाय सुरू केलं, तेव्हा दर होता तासाला 2 परिवर्तनीय पेसो, म्हणजे 2 डॉलर. सरकारी नोकरीतला सरासरी पगार महिन्याला 25-30 डॉलर. महिन्यात दहा तास वापरलं की पगाराचा मोठा हिस्सा गेलाच. आणि हाही उतरवलेला दर बरं का! 2013 मध्ये कंपनीने 118 नेट-केंद्रं उघडली, तिथे तासाला साडेचार पेसो मोजावे लागत.

त्यासाठी ‘नाउता’ नावाचं कार्ड घ्यायचं. एतेक्साच्या दुकानाबाहेर रांग लावा, ओळखपत्र दाखवा, मग कार्डावरची पट्टी नखाने खरवडा. बारा आकड्यांचं खातं आणि बारा आकड्यांचा पासवर्ड, दोन्ही भर उन्हात फोनवर बिनचूक टाइप करा. बोलणं संपल्यावर फोन नुसता खिशात टाकून चालत नसे, ब्राउझरमध्ये 1.1.1.1 टाइप करून बाहेर पडावं लागे, नाहीतर मिनिटं जळत राहत. रांगेचा कंटाळा असेल तर बागेत कार्डं विकणारी पोरं असत, 2 चं कार्ड 3 ला. काही त्याहून डोकेबाज. लॅपटॉपवर कनेक्टिफाय हे सॉफ्टवेअर टाकून ते एकाच खात्याचं कनेक्शन चारपाच जणांत वाटत, माणशी 1 पेसो घेऊन. वेग अर्थातच त्या हिशेबाने.

खरोखर फुकट वायफाय त्याआधी एका चित्रकाराने दिलं होतं. काचो या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अलेक्सिस लेय्वा माचादो यांनी 2015 च्या सुरुवातीला हवानातल्या आपल्या कलाकेंद्रातलं कनेक्शन सगळ्यांना खुलं केलं. पासवर्ड ठेवला ‘इथे कोणी शरण जात नाही’ या अर्थाची क्रांतिकाळातली स्पॅनिश घोषणा. मात्र काचो सरकारच्या मर्जीतले होते आणि हे सगळं एतेक्साच्या संमतीने चाललं होतं. शेजारच्या गल्लीत दुसऱ्या कुणी राउटर लावून असंच केलं असतं, तर ते बेकायदा ठरलं असतं.

दुसरा समज राजकीय आहे आणि तो दोन्ही बाजूंनी पसरवला जातो. एक बाजू म्हणते, क्युबात इंटरनेट मागे पडलं याचा सगळा दोष अमेरिकेच्या निर्बंधांचा. दुसरी म्हणते, निर्बंध हे निव्वळ निमित्त. निर्बंधांनी सामान महाग केलं, कर्ज अवघड केलं, हे खरंच. नोव्हेंबर 2022 मध्येसुद्धा अमेरिकी न्याय खात्याच्या पुढाकारातल्या समितीने आर्कोस-1 ही समुद्राखालची केबल क्युबापर्यंत नेण्याला सुरक्षेचं कारण देऊन विरोध केला. पण व्हेनेझुएलाहून आलेली आल्बा-1 केबल फेब्रुवारी 2011 मध्येच सांतियागोजवळ किनाऱ्याला लागली होती. तिच्यातून वाहतूक सुरू असल्याचं कळलं जानेवारी 2013 मध्ये, तेही परदेशातल्या नेटवर्क-अभ्यासकांनी आकडे पाहिले म्हणून. ती दोन वर्षं वॉशिंग्टनच्या खात्यावर टाकणं मला पटत नाही.

लोक बागेत बसून करत काय होते? बाहेरच्या पत्रकारांना बंडाची चाहूल लागली होती. प्रत्यक्षात बहुतेकजण मायामीतल्या भावाशी, माद्रिदमधल्या लेकीशी बोलत होते. स्काइप चालत नसे, म्हणून ‘इमो’ हे ॲप घरोघर पोचलं. नातवाचं तोंड पहिल्यांदा पाहणारी आजी, पैसे पाठव म्हणून सांगणारा बाप, मोडलेलं लग्न, सगळं शेजारच्या बाकावर ऐकू जाई.

आणि वायफाय येण्याआधी क्युबाची पोरं डिजिटल अंधारात होती, हेही खरं नाही. ‘पाकेते सेमानाल’, म्हणजे आठवड्याचा गठ्ठा, हार्ड डिस्कवरून घरोघर फिरायचा: सुमारे एक टेराबाइट मालिका, सिनेमे, गाणी, ॲप, जाहिरातीसुद्धा. हवानात तरुणांनी गच्च्यांवर अँटेना लावून, केबली टाकून ‘एसनेट’ उभारलं. त्याला इंटरनेट नव्हतं, पण हजारो जण त्यावर खेळायचे, गप्पा मारायचे. 2019 च्या नियमांनी खासगी वायफायला परवानगी दिली खरी, पण 100 मिलिवॉटची मर्यादा घालून आणि रस्ता ओलांडून तार नेण्याला मनाई करून. मग एसनेट टिकतंय कसलं; ते सरकारी संगणक-क्लबांच्या जाळ्यात विलीन झालं.

6 डिसेंबर 2018 ला मोबाइल डेटा सुरू झाला आणि बागांतली गर्दी ओसरू लागली. आता इंटरनेट खिशात आलं, म्हणजे कुणाच्या हातात राहिलं नाही, हा ताजा समज. 11 जुलै 2021 ला सान अंतोनियो दे लोस बान्योसमधल्या सरकारविरोधी मोर्चाचं थेट चित्रण फोनवरून देशभर गेलं आणि त्याच दिवशी मोबाइल इंटरनेट बंद पडलं. तार, टॉवर आणि बिल तिन्ही अजून एतेक्साच्याच हातात आहेत. मे 2025 च्या अखेरीस कंपनीने जादा डेटाचे दर एकदम चढवले, तेव्हा विद्यापीठांतली मुलं उघडपणे विरोधात बोलली. कंपनीने विद्यार्थ्यांना एका जादा स्वस्त पॅकची सवलत दिली. बाकीच्यांना दर तेच.