उपाशीपोटी हृदय कशावर चालतं?

गोव्यातल्या पेडण्यातला पाडेली, म्हणजे नारळ पाडणारा, सकाळी काही न खाताच सरसर माडावर चढतो. पोट रिकामं, तरी स्नायू दमदार आणि हृदय धडधडतंय. हे इंधन येतं कुठून?

रात्रभरच्या उपासात शरीर साठवलेली चरबी फोडतं. त्यातून सुटलेली मेदाम्लं पाण्यात नीट विरघळत नाहीत, म्हणून रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन त्यांना धरून नेतं. हृदयाच्या पेशीपाशी ‘सीडी ३६’ हे प्रथिन त्यांना आत शिरायला मदत करतं. आत गेल्यावर मेदाम्ल-बंधक प्रथिनं त्यांचा ताबा घेतात.

ऊर्जा तयार होते मायटोकाँड्रियात, पण त्याचं आतलं आवरण लांब मेदाम्लांना थेट सोडत नाही. केरीहून तेरेखोलला जायला फेरीबोट लागते, तशी इथं कार्निटिन या रेणूची बोट. एक प्रथिन मेदाम्ल चढवतं, दुसरं पार नेतं, तिसरं उतरवून घेतं आणि रिकामी बोट परत फिरते. पलीकडे मेदाम्लाचे दोन-दोन कार्बनचे तुकडे पडतात आणि त्यांतून ऊर्जा मिळते.

निरोगी हृदयाची साधारण ६० ते ७० टक्के ऊर्जा अशी येते. जेवणानंतर साखर मुबलक झाली, की चढवणाऱ्या प्रथिनाला लगाम बसतो. हातापायांचे स्नायूही सावकाश, लांब चालताना मेदाम्लं वापरतात. जोरात धावताना मात्र साखरेकडे वळतात.

हृदयाच्या पेशींना इजा झाली, तर त्यांतलं मेदाम्ल-बंधक प्रथिन काही तासांतच रक्तात झिरपतं. त्यामुळे हृदयविकाराच्या झटक्याचा लवकर सुगावा लावायलाही ते उपयोगी पडू शकतं.