सवलतीचा पास चाकणला चालत नाही

ड्रॉइंग बिनचूक. मापं, टॉलरन्स, टायटल ब्लॉक, सगळं जागच्या जागी. पण कागदाच्या चारही कडांना एकच ओळ छापून आलेली: ‘प्रोड्यूस्ड बाय ॲन ऑटोडेस्क एज्युकेशनल प्रॉडक्ट’. ऑटोकॅडच्या जुन्या शैक्षणिक प्रतींचा हा शिक्का. तो तर साथीसारखा पसरायचा. विद्यार्थ्याच्या फाइलमधला साधा बोल्टचा ब्लॉक कंपनीच्या ड्रॉइंगमध्ये आणला, की तिथल्या प्रिंटवरही शिक्का हजर!

पिंपरी-चिंचवडमध्ये कॉलेज आणि कारखाना हाकेच्या अंतरावर. सकाळी निगडी-आकुर्डीत लेक्चर, दुपारी भोसरी किंवा चाकणला इंटर्नशिप आणि लॅपटॉप तोच. गफलत इथेच होते. ‘मी विद्यार्थी, म्हणजे माझं सगळंच काम सवलतीत,’ असा समज असतो. पण एसटीचा विद्यार्थी पास घर ते शाळा एवढ्याच मार्गावर चालतो. पोरगा तोच असला तरी मामाच्या गावाला तिकीट काढावंच लागतं. इथेही सवलत शिकण्याच्या कामापुरती असते.

ऑटोकॅडची कंपनी ऑटोडेस्क विद्यार्थी-शिक्षकांना फुकट वापर देते, तोही एकेका वर्षासाठी. शिक्षण चालू असेल तरच पुढे नूतनीकरण. मॅटलॅबची विद्यार्थी प्रत अभ्यासक्रमासाठी आहे, कंपनीच्या कामासाठी नाही. शिक्षकांचंही तेच. वर्गात शिकवायला हरकत नाही, पण कारखान्याकडून पैसे घेऊन फिक्श्चर डिझाइन करून दिलं, तर तो धंदा झाला. त्याला व्यावसायिक परवाना हवा.

क्रॅक प्रतीचा मामला याहून गंभीर. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ६३ब नुसार अशी प्रत जाणूनबुजून वापरल्यास ७ दिवस ते ३ वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो.

ज्याला कमाईही करायची आहे आणि परवाना परवडत नाही, त्याच्यासाठी फ्रीकॅड, सायलॅब आहेत. ही मुक्त सॉफ्टवेअर धंद्यातही बिनदिक्कत वापरता येतात. आयआयटी मुंबईचा ‘फॉसी’ प्रकल्प अशाच मुक्त सॉफ्टवेअरचा प्रसार करतो आणि तिथल्याच ‘स्पोकन ट्युटोरियल’वर मराठीतूनही धडे आहेत.

बाकी इंटर्नशिपच्या पहिल्या दिवशी एवढंच विचारावं: ‘सर, ड्रॉइंग कंपनीच्या पीसीवर करू ना?’