झोपेची गोळी एकदम बंद करू नका : डोस हळूहळू कमी करण्याचा हिशेब

दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराला जायचे ठरले की काही जण त्याच दिवशी झोपेची गोळी फेकून देतात. 'आता साधना करायची, गोळी कशाला?' असे म्हणतात आणि आपण कार्यकर्तेही त्यांना शाबासकी देतो. मुरुम-उमरगा परिसरातील तरुणांना आमचे सांगणे आहे की ही शाबासकी जिवावर बेतू शकते.

अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, डायझेपाम, लोराझेपाम ही औषधे बेंझोडायझेपाइन गटातली. झोप लागावी, घबराट कमी व्हावी म्हणून ती दिली जातात. मेंदूला शांत करणारी जी नैसर्गिक यंत्रणा आहे, तिला ही गोळी बळ देते. काही आठवडे रोज घेतली की मेंदू तिच्यावर विसंबतो आणि स्वतःचा ब्रेक सैल सोडतो. अशा वेळी गोळी एकदम बंद केली तर झोप उडते, हात थरथरतात, घाम फुटतो, भीती दाटून येते. काहींना भास होतात, फिट येते, आणि अशी फिट प्राणघातकही ठरू शकते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने सप्टेंबर २०२० मध्ये या गटातील सर्व औषधांवर याबाबत ठळक इशारा छापणे बंधनकारक केले.

टक्केवारी कशाची धरायची?

अमेरिकेतील वैद्यकीय संघटनांच्या २०२५ च्या संयुक्त मार्गदर्शिकेनुसार सुरुवातीला दर दोन ते चार आठवड्यांनी डोस ५ ते १० टक्के कमी करण्याचा विचार करावा. दोन आठवड्यांत २५ टक्क्यांपेक्षा जास्त कपात सहसा करू नये. इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. ही टक्केवारी आज चालू असलेल्या डोसची धरायची, पहिल्या दिवशीच्या डोसची नाही.

समजा रोजचा डोस १ मि.ग्रॅ. आहे. दर वेळी १० टक्के कमी केले तर तो ०.९०, ०.८१, ०.७३, ०.६६ असा उतरतो. निम्म्यावर यायला सुमारे सात टप्पे लागतात. एक टप्पा तीन आठवड्यांचा धरला तर पाच महिने झाले. म्हणजे वर्षभराची तयारी ठेवावी लागते.

पण बाजारात ०.९० ची गोळी मिळत नाही. क्लोनाझेपामची ०.२५ ची गोळी अर्धी केली तर सर्वांत लहान पायरी ०.१२५ ची होते. दर वेळी तेवढेच कमी केले तर काय होते ते पाहा :

- १ वरून ०.८७५ : साडेबारा टक्के कपात
- ०.७५ वरून ०.६२५ : जवळपास १७ टक्के
- ०.५ वरून ०.३७५ : २५ टक्के
- ०.२५ वरून ०.१२५ : ५० टक्के

पायरी तीच, पण शरीराला बसणारा धक्का दर वेळी मोठा. म्हणूनच 'आता थोडीच राहिली' म्हणून शेवटी घाई करणारे अडचणीत येतात. शेवटच्या टप्प्यांत कपात आणखी लहान हवी आणि मुक्काम लांब हवा. त्यासाठी डॉक्टर काही वेळा डायझेपामसारख्या सावकाश उतरणाऱ्या औषधावर नेतात. कोणत्या गोळीचे किती म्हणजे डायझेपामचे किती, याचे तक्ते एकमेकांशी जुळत नाहीत. त्यामुळे हा बदल घरी करू नये. शरीरात सावकाश विरघळणाऱ्या, म्हणजे 'एसआर' प्रकारच्या गोळ्या तोडू नयेत.

त्रास वाढला तर पुढची कपात थांबवून त्याच डोसवर काही आठवडे राहता येते. त्याला हार समजू नये. या काळात दारू अजिबात नको. ज्यांना पूर्वी फिट आली आहे, ज्या गरोदर आहेत, किंवा ज्यांना फिटसाठीच ही गोळी दिली आहे, त्यांनी वरचा हिशेब स्वतःला लावू नये. वरची उदाहरणे डॉक्टरांशी बोलताना उपयोगी पडावीत म्हणून आहेत. प्रत्यक्ष वेळापत्रक डॉक्टरांनीच लिहून द्यायचे.

गोळी आणि पाचवे शील

गोळी घेणाऱ्याने शील मोडले, असे आपल्याकडे बोलले जाते. आम्हाला ते मान्य नाही. भिक्खूच्या चार मूलभूत गरजांमध्ये चीवर, भोजन आणि निवास यांच्या जोडीला आजारपणातील औषधही आहे. डॉक्टरांनी दिलेल्या औषधाची शरीराला सवय लागणे हा नैतिक दोष नव्हे. विपश्यना केंद्रेही साधनेला उपचारांचा पर्याय मानत नाहीत. शिबिराच्या अर्जात चालू औषधे खरी लिहावीत आणि शिबिरासाठी डोस बदलू नये.

कार्यकर्त्यांनी काय करावे

मेडिकलवाल्याच्या ओळखीवर वर्षानुवर्षे गोळी आणणाऱ्यांना आधी डॉक्टरांपर्यंत न्यावे. अल्प्राझोलाम, डायझेपाम ही औषधे मार्च २०१४ पासून 'एच-१' यादीत आहेत. चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत आणि विक्रीची वेगळी नोंद तीन वर्षे ठेवावी लागते. मानसोपचारतज्ज्ञासाठी धाराशिवचा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आहे, तसेच लातूर आणि सोलापूरची शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. दर टप्प्याला एवढ्या लांब जाणे मजुरी बुडवणारे असते. म्हणून पहिल्याच भेटीत पुढच्या दोन-तीन टप्प्यांचे वेळापत्रक लिहून मागावे. मधल्या काळात टेलि-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीत, दिवसरात्र बोलता येते.

घरात एक वही ठेवावी. तारीख, डोस, झोप किती लागली आणि त्रास काय झाला, एवढेच तिच्यात लिहावे. आई-आजीला लिहिता येत नसेल तर ते काम घरातल्या तरुणाने करावे. आणि फिट आली, माणूस बरळू लागला किंवा जीव द्यायची भाषा करू लागला तर वाट न पाहता १०८ ला फोन करावा.