गारपिटीनंतरचा विमा दावा



२०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधील गारपीट लातूरकर विसरलेले नाहीत. पत्र्याच्या घरांतील कुटुंबांसोबत काम करताना एक गैरसमज मला वारंवार दिसतो: तलाठ्याचा पंचनामा झाला, म्हणजे विम्याचेही काम झाले. पंचनामा शासकीय मदतीसाठी असतो. घराचा विमा असल्यास कंपनीला वेगळे कळवावे लागते. पत्रे बदलण्याआधी फोटो काढावेत, पंचनाम्याची प्रत जपावी. “पत्रे आधीच गंजले होते” म्हणून दावा नाकारल्यास कारण लेखी मागावे व कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येते. तिथे फी नाही, वकील लागत नाही. अर्ज लिहून देणारा मात्र लागतो. मंडळीतील शिकलेल्यांनी एवढी सेवा जरूर करावी.