पडद्यावरील समुद्र

नाट्यगृहात आसनस्थ झाल्यावर आपली पहिली भेट होते ती नटाशी नव्हे, तर पडद्याशी. राजवाडा, उपवन, नदीकाठ असे एखादे दृश्य कापडावर साकारलेले असते व क्षणभर आपण त्यात रमतोही. ते रंगवणारा हात कोणाचा, हा प्रश्न मात्र आपल्या मनात क्वचितच येतो. ऑस्ट्रेलियातील अशाच एका कलावंताचा परिचय येथे करून द्यावयाचा आहे.

फिलिप विल्यम गोचर यांचा जन्म १८५१ साली लंडनमध्ये झाला. मराठी वाचकास हे आडनाव अर्थपूर्ण वाटेल. आणि खरोखरच, जे समोर नाही ते दृग्गोचर करणे हाच त्यांचा व्यवसाय होता. न्यूयॉर्कच्या वॉलॅक्स थिएटरात पडदे रंगवून त्यांनी कीर्ती मिळवली. १८९० साली जे. सी. विल्यमसन या प्रसिद्ध नाट्यव्यावसायिकाने त्यांना ऑस्ट्रेलियात बोलावून घेतले. पुढे १८९६ साली सिडनीत पॅलेस थिएटर उभे राहिले. त्याच्या अंतर्भागाची सजावट गोचर यांनी भारतीय धाटणीवर केली होती, हे वाचून आपणांस कौतुक वाटेल.

ही कला दिसते तितकी सोपी नाही. रंगाची पूड गरम सरसात कालवून ती भव्य कापडावर चढवावयाची. ओला असताना हा रंग गडद दिसतो व वाळला की फिका पडतो. म्हणून चित्रकाराला उद्याचा रंग आजच मनाशी पाहावा लागतो. शिवाय चित्र पाहावयाचे ते दुरून, दिव्यांच्या उजेडात. जवळून जे ओबडधोबड फटकारे वाटतात, तेच शेवटच्या रांगेतून मखमलीच्या चुण्या होतात.

आणि या सर्व श्रमांचे फळ काय? नाटकाचे प्रयोग संपले की तेच कापड धुऊन त्यावर दुसरे दृश्य रंगवण्याची रीत होती. जे उरे, ते आगीत, ओलीत किंवा अडगळीत नष्ट होई. चौकटीतील चित्र संग्रहालयात जाते. पडदा मात्र नाटकाबरोबरच संपतो. सिडनीचे ते पॅलेस थिएटरही विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पाडले गेले.

१९०६ च्या सुमारास गोचर पश्चिम ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे राहावयास गेले. तेथून पूर्वेस सुमारे ६०० किलोमीटरांवर सोन्याच्या खाणींचा रुक्ष मुलूख आहे. कालगुर्ली येथे १८९३ साली सोने सापडले आणि शेजारीच बोल्डर हे खाणकामगारांचे गाव वसले. तेथे सोने होते, पण पाणी नव्हते. पर्थनजीकच्या डोंगरातील मंडेरिंग धरणातून सुमारे ५६० किलोमीटर लांबीच्या नळाने ते तेथवर आणावे लागले. हे काम १९०३ साली पुरे झाले. त्यानंतर पाचच वर्षांनी, १९०८ साली, बोल्डरचे नगरभवन उभे राहिले व त्याच्या रंगमंचासाठी गोचर यांनी दर्शनी पडदा रंगवला. विषय कोणता? इटलीतील नेपल्सचा उपसागर! जेथे घोटभर पाणीही नळाच्या वाटेने येई, तेथे दिवसभर धुळीत राबलेली माणसे संध्याकाळी निळ्या समुद्रासमोर येऊन बसत. त्यांना काय वाटले असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

१९३१ साली गोचर निवर्तले. न्यूयॉर्क, मेलबर्न, सिडनी येथील त्यांची बहुतेक निर्मिती काळाच्या ओघात गेली; खाणगावातील हा पडदा मात्र टिकला. तोही दीर्घकाळ दुर्लक्षितच होता. विसाव्या शतकाच्या अखेरीस त्याचे मोल ओळखले गेले आणि कुशल हातांनी त्याचा जीर्णोद्धार झाला. गोचर यांच्या उरल्यासुरल्या पडद्यांपैकी एक म्हणून आता तो जतन केला जातो.

वाचकहो, आपल्या गावातील जुन्या नाट्यगृहात, शाळेत किंवा एखाद्या वाड्याच्या माळ्यावर गुंडाळलेला रंगीत पडदा असेल, तर तो टाकून देण्यापूर्वी थोडे थांबा. तो पाण्याने पुसू नका. सरसातील रंग पाण्याने विरघळतो. घडी घालू नका. घडीवर रंग तडकतो. त्याचे छायाचित्र घ्या, कोरड्या जागी ठेवा व जवळच्या वस्तुसंग्रहालयास कळवा. ज्याने हजारो प्रेक्षकांना दूरदेश दाखवला, अशा एखाद्या अनामिकाची सारी कमाई त्या एका कापडातच उरली असेल.