संगणक उघडण्यापूर्वी आणि उघडल्यावर

गेल्या काही वर्षांपासून आपल्या शाळेच्या माजी विद्यार्थी मेळाव्यात माझ्याभोवती एक छोटासा घोळका जमू लागला आहे. मी व्यवसायाने लेखापाल. संगणकाचे रीतसर शिक्षण मी घेतलेले नाही. परंतु सुटे भाग आणून संगणक जोडणे आणि बिघडलेला संगणक उघडून पाहणे हा माझा वीस वर्षांचा छंद आहे, आणि तो आता सर्वांना ठाऊक झाला आहे. त्यामुळे भोजनाच्या पंगतीतच प्रश्न सुरू होतात. पंखा फिरतो पण पडद्यावर काही येत नाही, काय करावे? रॅम वाढवली तर वेग वाढेल का? दुकानदार नवाच घ्या म्हणतो, घ्यावा का? स्मरणिकेच्या संपादक मंडळाने लेख मागितला तेव्हा याच प्रश्नांची उत्तरे एकदा सविस्तर लिहावीत असे ठरविले.

आरंभी एक प्रसंग सांगतो. एका पालक भगिनींचा दूरध्वनी आला. मुलगी पदविकेच्या पहिल्या वर्षाला, घरात नातेवाइकांनी दिलेला जुना संगणक, आणि शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्यास तीन दिवस उरलेले. "भाऊ, अर्जाचं पानच उघडत नाही. दुरुस्तीवाला म्हणाला, मदरबोर्ड गेला, आता यात पैसे घालू नका. नवा घ्यायची आमची ऐपत नाही." मी सायंकाळी त्यांच्या घरी गेलो. संगणक व्यवस्थित सुरू झाला. इंटरनेटही होते. मात्र कोणतेही संकेतस्थळ उघडले की 'ही जोडणी सुरक्षित नाही' असा इशारा येई. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात पाहिले तर तारीख होती १ जानेवारी २०१२.

दोष तेथेच होता. संगणक बंद असताना त्याचे घड्याळ चालू ठेवण्यासाठी मदरबोर्डवर नाण्याच्या आकाराची तीन व्होल्टची एक बॅटरी असते. तिचा क्रमांक बहुधा सीआर २०३२ असतो; म्हणजे वीस मिलिमीटर व्यास आणि ३.२ मिलिमीटर जाडी. काही वर्षांनी ती संपते. मग विजेचे बटण बंद केले की घड्याळ कारखान्याने ठरवून दिलेल्या तारखेवर जाऊन बसते. सुरक्षित संकेतस्थळे आपली ओळख पटविण्यासाठी जे प्रमाणपत्र दाखवितात, त्यावर 'अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत वैध' असे नोंदलेले असते. संगणकाच्या समजुतीप्रमाणे वर्ष २०१२ असेल, तर आजचे प्रमाणपत्र त्याला अजून सुरूच न झालेले वाटते आणि तो जोडणी नाकारतो. बॅटरी तीस-चाळीस रुपयांना घड्याळाच्या दुकानात मिळाली. ती बसविली, तारीख दुरुस्त केली, अर्ज त्याच रात्री भरला गेला.

त्या दुरुस्तीवाल्याने फसविले असे मी म्हणणार नाही. त्याने कदाचित झाकणही उघडले नसेल. दोष कोठे आहे हे ठरण्यापूर्वीच उपाय सांगितला गेला, एवढेच. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्याहून अधिक तक्रारींचे मूळ यातच असते.

संगणक घरी उघडता येतो आणि त्याचा एकच भाग बदलता येतो, यामागे थोडा इतिहास आहे. १९८१ साली आयबीएम कंपनीने आपला 'पीसी' बाजारात आणला तो बव्हंशी इतर कंपन्यांकडून घेतलेल्या भागांतून, आणि त्याची रचनाही उघड ठेवली. त्यामुळे इतरांना त्याला जुळणारे भाग बनविता आले. पुढे १९९५ साली इंटेलने 'एटीएक्स' हे प्रमाण माप आणले. मदरबोर्डची भोके, विजेच्या जोडण्या, पाठीमागील खिडकीचा आकार हे सारे ठरून गेले. म्हणूनच मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर घेतलेला एसएमपीएस लातूरमध्ये जोडलेल्या कॅबिनेटमध्ये बिनबोभाट बसतो. लॅपटॉपला मात्र हे स्वातंत्र्य फारसे नाही. काही नामांकित कंपन्यांचे तयार डेस्कटॉपही स्वतःच्या वेगळ्या जोडण्या वापरतात, हे भाग विकत घेण्यापूर्वी पाहून घ्यावे.

आता सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न: पंखा फिरतो, दिवा लागतो, पण पडदा काळा. येथे घाबरून जाण्याचे कारण नाही. प्रथम मॉनिटरची केबल योग्य ठिकाणी आहे का ते पाहावे. वेगळे ग्राफिक्स कार्ड बसविलेले असेल तर केबल त्या कार्डाला हवी, मदरबोर्डला नव्हे. ही चूक मी अभियंत्यांच्या घरीही पाहिली आहे. त्यानंतर संशय घ्यावा रॅमवर. आपल्याकडील धूळ आणि पावसाळ्यातील दमट हवा यांमुळे रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर मळाचा सूक्ष्म थर बसतो आणि संपर्क तुटतो. विजेची पिन भिंतीतून काढून, कॅबिनेटच्या धातूला एकदा स्पर्श करून (अंगातील स्थितिक विद्युत उतरावी म्हणून) रॅमची पट्टी बाहेर काढावी, शाळेत वापरतो त्या साध्या खोडरबराने पट्ट्या हलक्या हाताने पुसाव्यात, भुगा झटकावा आणि दोन्ही बाजूंना 'टक्' असा आवाज येईपर्यंत ती पुन्हा बसवावी. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून पाहावी. एक लावली असता चालतो आणि दुसरी लावली असता चालत नाही, असे दिसले की निदान झाले.

एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा नियम मला स्वतःच्या खिशातून शिकावा लागला. सुरुवातीच्या काळात मी एक संगणक जोडला. बटण दाबले की पंखा अर्धी गिरकी घेई आणि थांबे. मी रॅम बदलली, मग नवा एसएमपीएस आणला, मग एका मित्राचा प्रोसेसर उसना आणून बसविला. आठवडा आणि पगाराचा चांगलाच हिस्सा गेला. शेवटी कंटाळून मदरबोर्ड कॅबिनेटमधून काढला आणि टेबलावर पुठ्ठ्यावर ठेवून केवळ प्रोसेसर, त्याचा पंखा, एक रॅम आणि एसएमपीएस एवढेच जोडले. संगणक पहिल्याच फटक्यात सुरू झाला! दोष कोणत्याच भागात नव्हता. मदरबोर्ड ज्या पितळी खुंट्यांवर बसतो, त्यांपैकी एक खुंटी मी भोक नसलेल्या जागी पिळून ठेवली होती. ती बोर्डाच्या पाठीवरील सांध्यांना टेकत होती आणि शॉर्ट सर्किट होत होते. तेव्हापासून कोणताही नवा संगणक मी प्रथम पुठ्ठ्यावर चालवून पाहतो, मगच कॅबिनेटमध्ये बसवितो. बिघडलेल्या संगणकालाही हाच न्याय लावावा. डीव्हीडी ड्राइव्ह, जादा डिस्क, यूएसबीची साधने, सारे काढून टाकावे आणि किमान भागांवर तो उभा राहतो का ते पाहावे. मग एकेक भाग परत जोडत जावे.

दहा-पंधरा मिनिटे चालून संगणक आपोआप बंद पडत असेल तर बहुतेक वेळा उष्णता हे कारण असते. प्रोसेसरवरील पंख्याखाली धातूच्या पात्यांची जाळी असते. तिच्यात धुळीची अक्षरशः गोधडी तयार होते. ब्रशने ती काढावी, ब्लोअर वापरल्यास पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत. प्रोसेसर आणि जाळी यांच्यामधील थर्मल पेस्ट वाळून पापुद्रा झाली असल्यास ती पुसून वाटाण्याएवढी नवी लावावी.

विजेविषयी मात्र थोडे थांबून लिहितो, कारण येथे प्रश्न पैशांचा नसून जिवाचा आहे. अनेक घरांत कॅबिनेटला हात लावला की मुंग्या आल्यासारखे वाटते. लोक त्याला 'संगणकात करंट उतरला' म्हणतात आणि संगणकाला दोष देतात. वस्तुस्थिती अशी की, एसएमपीएसच्या आत विजेतील खरखर गाळण्यासाठी दोन छोटे कपॅसिटर असतात. एक फेज आणि कॅबिनेट यांच्यामध्ये, दुसरा न्यूट्रल आणि कॅबिनेट यांच्यामध्ये. त्यांतून झिरपणारा अत्यल्प प्रवाह अर्थिंगच्या तारेतून जमिनीत जावा अशी योजना असते. घराला अर्थिंगच नसेल, किंवा तीन पिनांची जाड पिन कापून टाकलेली असेल, तर कॅबिनेट २३० च्या निम्म्या, म्हणजे सुमारे ११५ व्होल्टवर तरंगत राहते. प्रवाह कमी असल्याने केवळ मुंग्या येतात. पण आत खरोखरच काही बिघाड झाला तर वाचविणारी तार तेथे नसते. मुलांच्या अभ्यासाच्या खोलीत संगणक ठेवण्यापूर्वी वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावे, ही माझी सर्व पालकांना कळकळीची विनंती आहे. दुसरे असे की, एसएमपीएसचा डबा घरी कधीही उघडू नये. पिन काढल्यानंतरही त्यातील मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशेहून अधिक व्होल्टचा दाब काही काळ टिकून राहू शकतो. एसएमपीएस बिघडला तर संपूर्ण बदलावा, आणि नवा घेताना स्वस्तातला अनामिक माल घेऊ नये. इतर सर्व भागांचे आयुष्य त्याच्या हाती असते.

आता वेग वाढविण्याविषयी. आठ-दहा वर्षांपूर्वीचा संगणक मंद वाटतो त्याचे कारण बहुधा प्रोसेसर नसतो, तर फिरती हार्ड डिस्क असते. साधे गणित करून पाहू. डिस्क मिनिटाला ७२०० फेऱ्या घेते, म्हणजे सेकंदाला १२०. हवी ती माहिती काट्याखाली येण्यासाठी सरासरी अर्धी फेरी, म्हणजे सुमारे चार मिलिसेकंद थांबावे लागते; काटा योग्य वर्तुळावर सरकण्यास आणखी आठ-नऊ मिलिसेकंद. एकूण बारा-तेरा मिलिसेकंद. याचा अर्थ विखुरलेल्या माहितीचे सेकंदाला ऐंशीच्या आसपासच तुकडे वाचता येतात, आणि विंडोज सुरू होताना तर असे हजारो तुकडे लागतात. एसएसडीमध्ये फिरणारे काहीच नाही. तेथे हेच काम मिलिसेकंदाच्या दहाव्या भागात किंवा त्याहून कमी वेळात होते. म्हणून हार्ड डिस्कच्या जागी साधी साटा जोडणीची एसएसडी बसविली की जुना संगणकही तरुण होतो. माझ्या अनुभवात याहून परिणामकारक खर्च दुसरा नाही.

रॅम चार जीबी असेल तर ती आठ करावी. आठ असेल आणि काम लेखन, हिशेब, व्हिडिओ व्याख्याने एवढेच असेल, तर सोळा केल्याने फार फरक जाणवणार नाही. खरेदीपूर्वी पिढी अवश्य पाहावी. डीडीआर३, डीडीआर४ आणि डीडीआर५ यांच्या खाचा वेगवेगळ्या ठिकाणी असतात, आणि बळाने बसविण्याचा प्रयत्न केल्यास स्लॉट तुटतो. काही लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच डाख देऊन पक्की केलेली असते. तेथे वाढीची सोय नसते.

सध्या अनेकांना सतावणारा प्रश्न विंडोजचा आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे नियमित साहाय्य थांबले. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय आणि इंटेलचा साधारणतः आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर अपेक्षित आहे. त्यामुळे उत्तम चालणारी असंख्य यंत्रे केवळ कागदोपत्री कालबाह्य ठरली आहेत. अशा यंत्रावर उबुंटू किंवा लिनक्स मिंट घालावे असे मी सुचवितो. ते विनामूल्य आहे, देवनागरी इनस्क्रिप्टची सोय त्यात आहे आणि लिबर ऑफिसमध्ये शाळा-महाविद्यालयाचे लेखनकाम निर्वेध होते. मात्र ज्यांचे काम टॅलीवर आहे, त्यांनी हा मार्ग धरू नये. मी स्वतः लेखापाल असल्याने कार्यालयातील यंत्र बदलले, घरचे लिनक्सवर ठेवले.

शेवटी, शाळेला किंवा वस्तीतील अभ्यासिकेला जुना संगणक देऊ इच्छिणाऱ्या माजी विद्यार्थ्यांसाठी दोन शब्द. देण्यापूर्वी तो एकदा चालवून पाहावा, घड्याळाची बॅटरी नवी घालावी आणि डिस्कवरील खासगी माहिती केवळ 'डिलीट' न करता संपूर्ण डिस्क पुसणाऱ्या साधनाने पुसावी, कारण डिलीट केलेली फाइल परत मिळविणे अवघड नसते. जे यंत्र चालतच नाही, ते देणगी म्हणून न देता ई-कचरा स्वीकारणाऱ्या नोंदणीकृत केंद्राकडे द्यावे. आणि चालत्या यंत्राच्या कॅबिनेटवर एक कागद चिकटवावा: प्रोसेसर कोणता, रॅम कोणत्या पिढीची व किती, डिस्क केवढी, बॅटरी कोणत्या महिन्यात बदलली. पुढे ते यंत्र उघडणाऱ्या विद्यार्थ्याचे अर्धे काम त्या कागदाने झालेले असते.