सोमवारचा श्वास यंत्राला कळेल का?

सीओपीडी या फुप्फुसांच्या दीर्घकालीन आजाराचा जागतिक दिन आला की फोनमध्ये खोकल्यावर आजार ओळखणाऱ्या ॲपच्या बातम्या पुन्हा झळकतात. सोलापूरला अशा तंत्राची गरज आहेच. १८७७ मध्ये ‘जुनी मिल’ म्हणून ओळखली जाणारी गिरणी उभी राहिली तेव्हापासून हे शहर सुताच्या धुळीत श्वास घेत आहे. त्यात घरोघरी तंबाखू हाताळणाऱ्या विडी कामगार बायका आहेत. पण यंत्राला ‘निरोगी श्वास’ म्हणून कोणाचा श्वास शिकवणार?

बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने कोविडकाळात ‘कोस्वारा’ प्रकल्पात २,६३५ जणांचे श्वास, खोकला आणि बोलणे जमवले. कामाला दाद द्यावी असाच हा खटाटोप. मात्र ब्रिटनमध्ये अशाच तंत्राची कसून परीक्षा झाली, तेव्हा आजार ओळखण्याचा ०.८५ वाटलेला गुणांक वय, लिंग, लक्षणे सारखी असलेल्या माणसांची तुलना करताच ०.६२ वर आला. ०.५ म्हणजे निव्वळ नाणेफेक! यंत्र आजार कमी आणि माणसांमधले इतर फरकच जास्त ओळखत होते.

कापसाच्या धुळीने होणाऱ्या बिसिनोसिसमध्ये तर ही अडचण आणखी बिकट होते. सुरुवातीला छाती आवळते ती सुट्टीनंतर कामावर आल्याच्या पहिल्या दिवशी, म्हणजे बहुधा सोमवारी. पुढे आठवडाभर त्रास ओसरतो, माणूस ‘बरा’ दिसतो. गुरुवारी तपासले तर कदाचित काहीच सापडणार नाही. म्हणून अमेरिकेच्या १९७८ च्या कापूसधूळ नियमांत किमान ३५ तासांच्या सुट्टीनंतर, कामावर जाण्याआधी एकदा आणि चार ते दहा तास काम झाल्यावर पुन्हा, अशी फुंकून तपासणी सांगितली आहे. पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडली, यातला फरक बघायचा. त्या कामगाराची तुलना त्याच्याच सकाळच्या श्वासाशी होते.

श्वासातला बिघाड हेरणाऱ्या यंत्रालाही हाच धडा द्यायला हवा. ज्यांची फुप्फुसे वर्षानुवर्षे धूळ खात आहेत, त्यांचीच सरासरी ‘नॉर्मल’ धरली तर आजार यंत्राच्या नजरेतून सुटेल. दुसऱ्या शहरातल्या धडधाकट तरुणांवर शिकवलेले यंत्र आणले, तर मागाजवळचा जवळपास प्रत्येक जण संशयित ठरू शकतो.

कार्डिंग (कापूस पिंजणे) आणि सूतकताईत धूळ सर्वाधिक, मागावर तुलनेने कमी. म्हणून खात्यानुसार नोंदी वेगळ्या ठेवाव्या लागतील. ॲप खरेदी करण्याआधी महापालिका आणि कामगार विमा रुग्णालयाने यंत्रमागांच्या दारात स्पायरोमीटर, म्हणजे फुंकून श्वास मोजण्याचे यंत्र, घेऊन जावे, तेही सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीच्या आधी. नोंद मालकाच्या हाती न पडता कामगाराकडे राहिली पाहिजे. दम लागतो हे कळल्यावर काम जाईल, ही भीती असेल तर कोणीही मनापासून फुंकणार नाही.